पाव्हण्याच्या कपाळावरचा अंगठा

आष्टी,
भाऊबीजेचा दुसरा दिवस

प्रिय सिंधू,

तू गेल्याला सात महिने होऊन गेले. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं काही मनात आलं नाही. येणार तरी कसं? तुला आलेली पत्रं वाचून दाखवणारा मीच होतो ना! तुझ्या भावाची पत्रं, प्रकाशची होस्टेलातली पत्रं, सगळी चुलीपुढं बसून मीच वाचली. आता हे तुला कोण वाचून दाखवणार?

पण ह्या लक्ष्मीपूजनाच्या दुपारी जे झालं, ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. प्रकाशशी तर चक्क खोटं बोललो, तेही वयाच्या ह्या टोकाला! खरं काय ते कुणाजवळ तरी ठेवायला हवं. तुझ्याशिवाय कुणाजवळ ठेवू? आणि खरं सांगू का, ते तुला आधीच ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे.

पाव्हण्याबद्दल लिहितोय मी.

आठवतं तुला तो कसा आला ते? बहात्तरचा दुष्काळ. आपल्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. रेशनला अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, जिची भाकरी थापता थापता तडकायची. तू ओसरीवर पोत्याच्या तळचे दाणे सुपात घेऊन पाखडत बसली होतीस आणि मी शेजारी बसून चौथीच्या पुस्तकातली पावसाची कविता चालीवर म्हणत होतो. सूप न थांबवता तू म्हणालीस, "तुमच्या पुस्तकात पाऊस लई पडून राह्यला, मास्तर. थोडा आमच्या वावराकडं बी धाडा की!"

मी रागानं पुस्तक मिटलं. तेवढ्यात सुपातल्या दाण्यांबरोबर एक घडी घातलेला कागद पुढं सरकत आला.

घडी उलगडली तर नोट! आपल्या नोटांपेक्षा लांबरुंद, जुनाट. एका अंगाला दाढीवाल्या माणसाचं चित्र, मधोमध बँकेचं आणि गावाचं नाव, खाली शाईनं हातानं केलेल्या दोन सह्या. पाच डॉलर. मी इंग्रजी जुळवत जुळवत गावाचं नाव वाचलं, विलो फोर्ड. तू म्हणालीस, "म्हंजे काय?" मी ऐटीत शब्दकोश काढला. विलो म्हणजे वाळुंजाचं झाड, फोर्ड म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार.

"वाळुंज? मंग हा पाव्हणा आपल्या वाळूज गावचाच निघाला की!"

किती हसलीस तू! सूप उपडं झालं, आणि त्या टंचाईत सांडलेला दाणा न् दाणा आपण दोघं वाकून वेचत बसलो.

मी सुटीच्या दिवशी नोट घेऊन जालन्याला एका बँकेत गेलो. तिथल्या माणसानं ती उजेडात धरली, शेजारच्याला दाखवली, दोघं हसले. "गुरुजी, पोरांना खेळायला द्या," म्हणाले. मी घरी येऊन तुला सांगितलं, रद्दी आहे, चुलीत टाक.

तू टाकली नाहीस. पदरानं पुसून देवांच्या मागं उभी केलीस. "रद्दी आसंल तर आसू द्या. इतक्या लांबून दाण्यासंगं आल्ता. त्या तिकडं कुन्या शेतकऱ्याचा खिसा फाटला आसंल, त्येला पत्ता बी नसंल. घरी आलेल्याला कुनी चुलीत घालतं व्हय?"

मी तुला किती वेळा सांगितलं, सिंधू, की चित्रातला दाढीवाला म्हणजे त्यांचा कुणी जुना राष्ट्राध्यक्ष आहे, खिसा फाटलेला माणूस वेगळा! तुला ते कधी पटलं नाही. तुझ्यासाठी दोघं एकच. मी आवाज चढवला की तू डोळ्यांनी देव्हाऱ्याकडं खूण करायचीस, "पाव्हण्यासमोर नका ना भांडू!" आणि मी, पस्तीस वर्षं वर्गात दरारा असलेला माणूस, एका कागदापुढं गप्प बसायचो.

दर लक्ष्मीपूजनाला तू तिळाच्या तेलात कुंकू कालवायचीस. देवांना अनामिकेनं लावायचीस, पाव्हण्याला मात्र अंगठ्यानं, घरी आलेल्या माणसाला लावतात तसं, बरोब्बर कपाळावर. पुढं डोळ्यांना कमी दिसू लागलं, तेव्हा एका वर्षी ते दाढीवर गेलं. आपण पुन्हा हसलो.

आणि सर्वपित्रीला एक पान जास्तीचं. आईचं, दादांचं, आणि तिसरं "ज्याचा खिसा फाटला त्याच्या नावानं." मी चेष्टा करायचो की अमेरिकेच्या पितराला आपली आळूची भाजी कळणार कशी? तू म्हणायचीस, "भूक समद्यांची येकच आसती, मास्तर."

एकदा तू त्या सह्यांवरून बोट फिरवत होतीस. "बघा ना, कशी येलासारखी वर चढली. मला बी शिकवा की आशी सही."

"शिकवतो. उद्या बसू."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून खरंच एक दुरेघी वही आणली होती. त्या वहीचं काय झालं, ते तू कधी विचारलं नाहीस. मी सांगतो. मला आवडलेल्या शाळेतल्या कविता मी तिच्यात उतरवून काढल्या. सुवाच्य अक्षरात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. अजून आहे ती वही माझ्याकडं. तुझ्या नावाचं एक अक्षरही तिच्यात नाही.

मग पोस्टातला तो दिवस आला. कारकुनानं तुझ्यापुढं शाईची पेटी सरकवली आणि मिशीत हसत म्हणाला, "काय हो, गुर्जीच्या घरी बी अंगठाच?" तू पटकन उत्तर दिलंस, "गुर्जी गावाचे हायत, घरचे न्हाईत!" सगळं पोस्ट हसलं. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत मला तुझ्याकडं बघवेना. अख्ख्या गावाला बाराखडी शिकवली मी! तू दुसरीत शाळा सोडलेली, अक्षरं विसरलेली, आणि माझ्या घरात पन्नास वर्षं अंगठा उठवत राहिलीस. रागावली का नाहीस कधी?

तो अंगठा! प्रकाशच्या बारशाच्या आदल्या दिवशी विळीवर कापला होता, तेव्हापासून मधोमध उभी खाच. त्याचा ठसा उठला की गव्हाच्या दाण्यासारखा दिसायचा. प्रकाश लहानपणी त्या खाचेतून बोट फिरवत झोपायचा. तुझ्या आठवणीत हे असेलच.

तू गेल्यावर प्रकाशनं तुझी पेटी आवरली. देवांमागच्या नोटेचा फोटो काढून कुणाकुणाला पाठवला. श्रावणात संभाजीनगरहून एक जाणकार आले, जुन्या नोटा-नाणी जमवणारे. चहा बाजूला ठेवला, आधी हात धुऊन कोरडे केले, मग भिंग काढलं.

"गुरुजी, एके काळी तिकडं गावोगावच्या लहान लहान बँका आपापल्या नावाच्या नोटा काढायच्या. सरकार छापून द्यायचं, खाली बँकेची माणसं सह्या करायची. मोठ्या शहरातल्या आजही पुष्कळ सापडतात, त्यांना फार भाव नाही. पण बारकं गाव, थोडे दिवस चाललेली बँक, अशी एखादी निघाली तर शौकीन लोक तुटून पडतात."

"मग हे विलो फोर्ड?"

"फोटो आल्यापासून मी तेच धुंडाळतोय. बँक बुडाली. रेल्वे दुसऱ्या बाजूनं गेली, मग गावही उठलं. आता तिथं नुसती शेतं आहेत म्हणतात. ह्या बँकेची दुसरी नोट कुठं असल्याचं मला तरी सापडलं नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "गाव मेलं की नोट महाग होते, गुरुजी."

म्हणजे इतकी वर्षं आपल्या देवांच्या मागं एक अख्खं मेलेलं गाव उभं होतं! त्याच्या नावानं घास काढून ठेवणारी जगात तू एकटी होतीस की काय? तू एकदा म्हणाली होतीस, ते तेव्हा मला कळलं नव्हतं, "पाव्हण्याची सही दरसाल पुसट होऊन राह्यली. लांब चाललाय त्यो. मी गेल्यावर कोन वळखंल त्येला?"

जाणकार पुढं म्हणाले, "सह्या हाताच्या आहेत. त्यांना छापील सहीपेक्षा मान जास्त. पण हे कपाळावर काय झालंय?"

"कुंकू. आमची मंडळी दर दिवाळीला लावायची."

त्यांनी डोळेच मिटले. "काय केलं हो वहिनींनी! ह्या डागानं भाव निम्म्याच्या खाली आला. तरी पण बिलकुल धुऊ नका. पाणी लागलं तर आहे तेही जाईल." जाताना त्यांनी एक पारदर्शक पाकीट दिलं, तीन बाजूंनी बंद, आणि नोट स्वतःच्या हातानं त्यात सरकवली. मी ते पाकीट डब्यात घालून देव्हाऱ्यात ठेवलं.

प्रकाशनं मात्र मुंबईत एक माणूस शोधला. तो म्हणे असे डाग काढतो, कळतसुद्धा नाही. "बाबा, डाग निघाला की जी किंमत येईल, त्यात शाळेला वाचनालयाची खोली होईल. आईच्या नावानं. दारावर संगमरवरी पाटी लावू."

तुझं पोर वाईट नाही गं. स्वतःसाठी एक पैसा मागितला नाही त्यानं. आणि मी? मी हुरळलो, सिंधू! तुझं नाव शाळेच्या दारावर, रोज शंभर पोरं वाचणार. पाटीवर घालायला मी दोन ओळीसुद्धा जुळवल्या, यमकासकट. दिवाळीला प्रकाश आला की पाडव्याला नोट घेऊन जाणार, असं ठरलं.

मग सर्वपित्री आली. प्रकाश आणि सूनबाई आले होते. गच्चीवर आईचं आणि दादांचं पान मांडलं. तुझं वर्ष व्हायचं आहे, म्हणून तुझं नव्हतं. ऊन बरोबर डोक्यावर. कावळे आले आणि कठड्यावर ओळीनं बसले. एकही खाली उतरेना. ओरडेनासुद्धा! न ओरडणारे कावळे तू कधी पाहिलेस? सगळे पानांकडं पाठ करून, देव्हाऱ्याच्या खोलीच्या झरोक्याकडं तोंड करून बसलेले. वारा पडलेला. खाली रस्त्यावरही कसला आवाज नाही.

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, काही राहिलं का?"

तेव्हा मला आठवलं. तिसरं पान!

मी लगबगीनं खाली गेलो, पाव्हण्याचं पान वाढून आणलं आणि तुझ्यासारखंच म्हणालो, "ज्याचा खिसा फाटला त्याच्या नावानं." पानावरचा हात अजून उचलला नव्हता, तोच एक कावळा माझ्या बोटांना वारा घालत उतरला. त्यानं आधी पाव्हण्याच्याच पानातली वड्याची कड उचलली. मग बाकीचे आले. एकदम कालवा सुरू झाला. प्रकाश हसून म्हणाला, "आईचे कावळे आहेत, नियम पाळणारे!" मला हसू आलं नाही.

तेवढं पाहूनही मी ठरलेलं मोडलं नाही, हे कबूल करतो. तू मला हेकट म्हणायचीस, ते उगाच नाही.

आता लक्ष्मीपूजनाच्या दुपारचं सांगतो.

ह्या वर्षी आपल्याकडं सण नाही. पूजा नाही, पणती नाही. तुझा कुंकवाचा करंडा तुझ्याबरोबरच गेला, मी स्वतः चितेवर ठेवला. सूनबाई टिकली लावते. घरात कालवलेलं कुंकू नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा लिहितो, कारण नंतर मी स्वतःलाच तेच पुन्हा पुन्हा विचारलं आहे.

प्रकाश आणि सूनबाई दुपारी जालन्याला गेले होते. मी एकटा. दार लावून जरा पडलो, पण डोळा लागेना. सगळ्या घरात तिळाच्या तेलाचा वास येत होता. आधी वाटलं शेजारी काही तळतायत. खिडकीशी गेलो, तर बाहेर वास नाही. आत आलो की आहे. देव्हाऱ्याच्या खोलीत तर नाकाशी वाटी धरावी इतका.

नोटेचा डबा उघडला. पाकिटात नोट होती तशीच होती. पण पाव्हण्याचं कपाळ चमकत होतं.

जुनं कुंकू काळपट तपकिरी झालंय, तुला माहीत आहे. हे लाल होतं. मी पाकिटावरून बोट फिरवलं. कोरडं. मग नोट अर्धी बाहेर ओढली आणि कपाळाला अंगठा टेकवला.

ओलं होतं, सिंधू!

माझा अंगठा लाल झाला. आता तो टेकवल्यानं झाला, की आधीपासूनच होता? म्हातारा माणूस मी, कधी चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधतो. मीच झोपेच्या गुंगीत उठलो असेन, कुठून तरी कुंकू काढलं असेन. असेनही! म्हणून मी माझा अंगठा त्या ठशाशेजारी धरून पाहिला. ठसा माझ्याहून बारीक. आणि त्याच्या मधोमध उभी रेघ, गव्हाच्या दाण्याला असते तशी.

मी तिथंच खाली बसलो. भीती वाटली का? वाटली. खोटं कशाला लिहू? अंगठा धोतराला पुसायचं धाडस होईना. पण त्या भीतीत मला जाणकारांचे शब्द आठवले, हाताच्या सहीला मान जास्त. आणि एकदम दिसलं की त्या नोटेवर सह्या दोन नाहीतच. तीन आहेत! दोन विलो फोर्डच्या माणसांच्या, वेलासारख्या वर चढलेल्या, पुसट होत चाललेल्या. तिसरी तुझी. दर दिवाळीला तू तिथं सही करत होतीस, त्याच कागदावर, त्यांच्या डोक्यावर, माझ्या नाकासमोर. आणि मी कबूल काय झालो होतो? औषधानं ती पुसून टाकायला, म्हणजे तुझ्या नावाची पाटी लावता येईल!

पाडव्याला सकाळी प्रकाश निघायच्या तयारीनं डबा मागायला आला. मी म्हणालो, "नको नेऊस. तुझ्या आईची सही आहे तिच्यावर. धुतली की गेली."

"सही? बाबा, आईला सही कुठं यायची?"

असं त्यानं सहज विचारलं. मी डबा पुढं केला. त्यानं नोट पाहिली. कपाळावरचं कुंकू अजून सुकलं नव्हतं.

"हे ओलं कसं?"

"मीच लावलं," मी म्हणालो. "सवयीनं."

त्यानं नोट खिडकीपाशी नेली. माझ्याकडं पाठ होती. मग त्याचं बोट त्या ठशाच्या वर, कागदाला न टेकता, उभ्या रेघेवरून वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. तान्हा असल्यापासून हजारदा फिरवलेलं बोट ते! माझ्याकडं वळला तेव्हा चेहरा पांढराफटक. ओसरीवर जाऊन त्यानं मुंबईला फोन लावला. पुण्याला राहून साफ झालेली त्याची भाषा कुठं गेली कुणास ठाऊक! मला आतून ऐकू येत होतं, "न्हाई जमनार साहेब... न्हाई, भावाचा सवाल न्हाई. पाव्हणा हाय त्यो आमचा. पाव्हण्याला कुनी इकतं का?"

हे वाक्य मी त्याला कधी शिकवलं नव्हतं. तू शिकवलंस का गं?

वाचनालयाचं म्हणशील, तर माझी सगळी पुस्तकं कपाटासकट शाळेला देतोय. पाटी नाही. त्या दोन ओळी मी फाडून टाकल्या, यमकही ओढूनताणूनच होतं.

आता वचन. नोटेला मी पाणी लागू देणार नाही, तिला घराबाहेर जाऊ देणार नाही, आणि माझ्यामागं प्रकाशही देणार नाही. तुझं वर्ष झालं की सर्वपित्रीला चार पानं मांडीन, तुझं पाव्हण्याच्या शेजारी. त्याला आळूची भाजी कशी खायची ते तूच दाखव.

आणि आणखी एक. काल भाऊबीजेला बाजार अर्धामुर्धाच उघडा होता, तरी हिंडून हिंडून मी एक दुरेघी वही आणली. कोरी. तिच्या पहिल्या पानावर, वरच्या ओळीत, तुझं नाव लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात, सुटं सुटं, गिरवता येईल असं. वही उघडी करून देव्हाऱ्यात पाव्हण्यापुढं ठेवली आहे. शेजारी कालच आणलेल्या कुंकवाची वाटी ठेवली, आणि एक पेन्सिलही, टोक काढून.

खालची ओळ मोकळी सोडली आहे. मी रोज सकाळी येऊन पाहीन. सावकाश होऊ दे. ह्या वेळी मास्तर उद्यावर ढकलणार नाही.

तुझा,
आता कुठं घरचा झालेला,
मास्तर